बाबांच्या जागी माझा नंबर

मित्रांनो, आज माझीच खोडी माझ्या अंगाशी आली.

दहावीत शाळेच्या फॉर्मवर बाबांच्या जागी मी माझा नंबर लिहिलेला. दांडीचे मेसेज मलाच यायचे. धाकट्या बहिणीच्या फॉर्मवरही मी तोच नंबर घातला.

आज सकाळी मेसेज आला, 'आपली मुलगी शाळेत गैरहजर आहे.' अरे, तिला शाळेच्या बालरथ बसमध्ये मीच बसवली होती!

नेहमीसारखा बाबांचा आवाज काढून शाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, "वर्गात आलीच नाही ती. तुमचा झील पण असाच होता. चेडवाकडे तरी लक्ष ठेवा." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मीच.

डिचोलीचा बाजार, बसस्टँड, मयेचं तळं, सगळं पालथं घातलं. कुठंच नाही.

दुपारी घरासमोर ती बालरथातूनच उतरली, हसत.

"खंय होतीस गे?"

"शाळेत."

"खोटं बोलू नको. मेसेज आलाय."

"कुणाला, बाबांना? मग सांग जा त्यांना."

आत समोरच बाबा जेवत होते. मी फोन खिशात घातला.

ती कुठं होती, कुणाबरोबर होती, अजून ठाऊक नाही. उद्या सकाळी तिला परत त्याच बसमध्ये बसवायचंय. बाबांसमोर तोंड कसं उघडू, सांगा रे कोणीतरी.