शाई न लागलेलं बोट

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या घरी टपालाने मतपत्रिका आली की माझे सासरे सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढायचे. जेवणाच्या टेबलावर टीव्हीचा रिकामा खोका उभा केला, की झालं मतदान केंद्र. मग दाराशी उभं राहून मलाच विचारायचे, "ओळखपत्र?"

"बाबा, रोज सकाळी चहा कोण देतं तुम्हाला?"

"चहा पुरावा म्हणून चालत नाही."

म्हणून आम्ही त्यांना केंद्राध्यक्ष म्हणायचो. कोल्हापूरकडे मास्तर असताना दर निवडणुकीला त्यांना ड्यूटी लागे आणि केंद्रावर शेवटचा शब्द त्यांचाच असे. एकदा मी मत देताना माझा नवरा खोक्यावरून डोकावला, तर "मत गुप्त असतं, नवरा-बायकोतसुद्धा," म्हणत त्याला बॅकयार्डात पिटाळलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

गंमत म्हणजे, इतरांच्या बोटांना शाई लागतेय ना, हे डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या बोटाला ती कधीच लागली नव्हती. ड्यूटीवरच्यांचं मत टपालाने जायचं. निवृत्त झाले आणि लगेच आमच्याकडे आले. आम्ही अमेरिकेचे नागरिक झालेलो, आमची पत्रिका घरपोच. ते भारताचे मतदार, आणि परदेशात राहणाऱ्याला तिथे जाऊनच मत द्यावं लागतं. "जन्मभर पोस्टाने दिलं, आता पोस्टच नको म्हणतंय," असं म्हणून हसायचे. मग हळूच, "एकदा तरी रांगेत उभं राहून द्यायचंय गं."

गेल्या विधानसभेला त्यांनी तिकीट काढलं. पांढरा शर्ट इस्त्री करून बॅगेत सगळ्यात वर ठेवला. निघायच्या आठवड्यात छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. बॅग मीच रिकामी केली.

मतदानाच्या दिवशी तोच शर्ट घालून ते मोबाइलवर बातम्या बघत बसले. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, इराला, ते बघवेना. तिने मार्कर आणून त्यांच्या डाव्या तर्जनीवर रेघ ओढली. "आजोबा, डन! यू व्होटेड!"

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ सिंककडे गेले. "मत नाही, तर शाई कसली?" मार्कर पक्का निघाला, घासणीलाही दाद देईना. पुढे कितीतरी दिवस ते बोट मुठीत लपवून वावरत होते. देवळात हात जोडतानासुद्धा ते एक बोट दुमडलेलं असायचं. मला हसूही यायचं आणि रडूही.

"पुढच्या वेळी जाईन," म्हणायचे. त्याच थंडीत ते गेले.

परवा माझी मतपत्रिका आली. आता कोण बघतंय, म्हणून मी सोफ्यावरच पेन उघडलं. इरा गॅरेजमधून खोका घेऊन आली, टेबलावर उभा केला आणि दाराशी जाऊन थांबली. एरवी माझ्याशी सगळं इंग्रजीत बोलणारी ही पोर स्वच्छ मराठीत म्हणाली, "ओळखपत्र?"

मी चहाचं नाव काढलं नाही. उठले आणि पर्समधून लायसन्स काढून आणलं.