आवाज थांबला की हिरामण उठतो

हिरामणला शांततेत झोप येत नाही. म्हणजे येतच नाही, विषय संपला. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेला, पडघ्याच्या आतल्या गावात, तर तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. सासू घाबरली, जावयाला काही बाधलं की काय. चौथ्या दिवशी शेजारची भाताची गिरणी सुरू झाली आणि हा गडी ओट्यावर बसल्या बसल्या घोरायला लागला. तेव्हापासून त्याची बायको धोंडूबाई घरात एक खडखडणारा टेबलफॅन बारा महिने चालू ठेवते. थंडीत भिंतीकडे तोंड करून, पण चालू.

त्याचा काय दोष? तो वाढलाच कापड विणणाऱ्या लूमच्या आवाजात. त्याचे तात्या मानकोलीच्या गाल्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, चार लूम सांभाळायचे आणि आई, जिला सगळे आक्का म्हणायचे, ती तिथंच कोपऱ्यात बसून धाग्याच्या कांड्या भरायची. तिच्या डोक्यावर टांगलेली लुगड्याची झोळी, आणि झोळीत हिरामण. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, खटाक खट, खटाक खट, आणि त्या आवाजात पोरगं गाढ. लाईट गेली, लूम थांबले, की रडायला सुरुवात. आक्का सांगायची, आमच्या पोराला आवाजानं न्हाय, आवाज बंद झाल्यावर जाग येते.

पुढे लूम भंगारात गेले. अर्धा गाला एका भय्याला विकला, त्याने नवे लूम आणले. उरलेल्या अर्ध्यात हिरामणने गॅरेज टाकलं. लोक म्हणाले, एवढ्या कलकलाटात गाड्यांची कामं करणार? हिरामण नुसता हसला. त्याला दुपारची झोप मिळणार होती ना.

तर गुरुवारी साडेतीनला दिपाली तिची व्हॅन घेऊन आली, ती रडायच्या बेतात.

दिपाली गावातलीच, सव्वीस वर्षांची. पडघ्याकडच्या गावांतल्या आठ मुलींना ती रोज दुपारी तीनच्या शिफ्टला मानकोलीच्या गोडाऊनवर आणते आणि शिफ्ट सुटली की घरी सोडते. आणि व्हॅन महिनाभर नाटकं करत होती. चालता चालता एकदम बंद. सेल्फ मारा, मारा, काही नाही. वीस मिनिटांनी स्वतःहून चालू, जसं काही झालंच नाही. तीन गॅरेज झाली. एकाने पंप बदलला, एकाने प्लग, एकाने बॅटरी. आज परत पुलाच्या चढावर बंद पडली आणि मुली वीस मिनिटं उशिरा पोचल्या.

"सुपरवायजर बोलला, उद्या पण लेट झाला तर शनिवारपासून दुसरी गाडी," दिपाली म्हणाली. "आणि काका, मुलींच्या घरचे पण बोलायला लागलेत. हायवेवर बंद पडते, पोरींना पाठवायचं कसं. रीमाच्या बापाने तर सांगितलंय, घरी बस."

"रात्री येताना बंद पडते?" हिरामणने विचारलं.

"रात्री? नाही. रात्री कधीच नाही."

"हं. गार हवेत न्हाय. तापली की पडते." त्याने बोनेटवर हात ठेवला, ताप बघतात तसा. "बाय, मना वाटतंय क्रँक सेन्सर."

मग त्याने तिला समजावलं. इंजिनमध्ये एक दातेरी चाक फिरतं. हा बोटाएवढा सेन्सर त्याचे दात मोजत बसतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो, फिरतंय, फिरतंय. मोजणं थांबलं की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन फिरतच नाही. मग पेट्रोल पण बंद, ठिणगी पण बंद. "लूमला कसा बारका काटा असतो, आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो? तसाच हा. फक्त याच्या पोटातली तार तापली की तुटते आणि निवली की परत चिकटते. म्हणून सापडत न्हाय."

"मग टाका ना नवीन!"

"अंदाजानं टाकला तर तो चौथा पार्ट व्हईल. उद्या त्याच चढावर परत बंद पडली तर? बंद पडलेली मना बघायला पायजे. त्या वीस मिनिटात."

व्हॅन चालू करून ठेवली, तापू दे. दिपाली आत्याकडे दोन घास खायला गेली. शेजारी लाईट गेलेली, लूम बंद, सगळीकडे एकदम सुनसान. हिरामण स्टुलावर बसला, पाठ टायरच्या ढिगाला टेकवून. व्हॅनचं इंजिन गुरगुरत होतं, एकसारखं. आता खरं सांगायचं तर कुठलंही इंजिन असं एकसारखं चालू असलं की हिरामणच्या पापण्या जड होतात. त्याला त्याची काळजी नव्हती. बंद पडली की जाग येणारच. आजवर चुकलं नव्हतं.

पण मधेच लाईट आली.

शेजारचे सगळे लूम धडाधड सुरू झाले आणि झोपेत हिरामणला काही कळलंच नाही. आवाज होता, आवाज राहिला. त्याच आवाजाखाली कधीतरी व्हॅन गुपचूप बंद पडली, निवली पण. सहाला दिपाली आली तेव्हा इंजिन थंडगार आणि काका तोंड उघडं टाकून घोरतायत.

"काका!"

तो दचकून उठला नाही, तिने खांदा हलवला तेव्हा उठला. तिने किल्ली फिरवली. व्हॅन पहिल्या झटक्यात चालू.

"तुम्ही झोपलात," ती म्हणाली. ओरडली नाही, तेच वाईट. "माझ्याकडे एकच दिवस होता आणि तुम्ही झोपलात."

हिरामणला एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती. पोरगा कुणाल नेहमी चिडवायचा, बाबा, तुमच्या गॅरेजचं नाव निद्रा मोटर्स ठेवा, तेव्हा तो हसण्यावारी न्यायचा. आज हसू आलं नाही. जेवताना भात कालवत बसला नुसता. धोंडूबाई म्हणाली, "अवो, तुमचा कान बिघडला न्हाय. जागा चुकली. आवाजात आवाज शोधायला बसलात. जिथं काय आवाजच न्हाय तिथं जाऊन बसा की."

शुक्रवारी सकाळी दहाला तो दिपालीच्या दारात. शर्टाच्या खिशात नवा सेन्सर, हातात पान्यांची पिशवी, कुणालकडून मागून घेतलेला, इंजिनचे आकडे मोबाईलवर दाखवणारा छोटा स्कॅनर. "चल. कशेळीला. खाडीवर."

"खाडीवर काय आहे?"

"काय पण न्हाय. म्हणूनच."

आधी त्यांनी व्हॅन भरपूर फिरवली, ट्रकांच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये, चांगली तापवली. मग कशेळीची गोडाऊनं मागे टाकून कच्च्या वाटेने खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर. इथं हिरामणच्या आजोबांचं शेत होतं, आता नुसती तिवरं आणि चिखल. भरती यायला लागलेली, पाणी कुठून आत शिरतंय ते दिसतच नव्हतं, एवढ्या हळू. पलीकडे पुलावरून गाड्या जात होत्या पण आवाज इथवर पोचायच्या आत वाऱ्याने खाल्लेला. एक बगळा. बस.

त्याने इंजिन चालूच ठेवलं, चपला खाली काढल्या आणि मागच्या सीटवर आडवा झाला.

"काका! परत?"

"बाय, इथं लूम न्हायत. इथं ही बंद पडली तर मी मेलेलो असलो तरी उठन."

"मी जागी आहे," दिपाली पुढून म्हणाली, रागातच. "मी बघते."

पाचव्या मिनिटाला तिचं डोकं स्टिअरिंगवर. ती पण रात्री बाराला घरी पोचलेली, पहाटे उठलेली. तिचा काय दोष?

हिरामण झोपला आणि सरळ गाल्यात पोचला. तात्या दिसत नव्हते पण लूम चालू होते, आणि कापड, पांढरं, निघतंय, निघतंय, गाल्याच्या दारातून बाहेर, रस्त्यावरून, अंजूरफाट्याला वळून इकडे खाडीत. खाडीवर मैलभर कापड पसरलंय आणि त्याच्यावरून बगळा चालतोय, पाय ओले न होता. आक्का कांड्या भरतेय. एकेक कांडी भरली की उन्हाला धरून बघते. तो विचारतो, आक्का, एवढं कापड कोणाला? ती म्हणते, मोज ना. तो मोजायला लागतो, एक धागा, दोन धागे, कोणीतरी मोजत राहिलं पाहिजे, नाहीतर—

धागा तुटला.

हिरामण उठून बसला. खाडी, वारा. इंजिन बंद. दिपाली अजून झोपलेली.

"बाय, ऊठ! पडली! किल्ली मार!"

तिने डोळे न उघडताच किल्ली फिरवली. सेल्फ फिरतोय, घर्रर्र घर्रर्र, इंजिन उठत नाही. हिरामणने स्कॅनर लावून मोबाईल धरला. आरपीएम शून्य. "परत मार." शून्य. इंजिन फिरतंय हे त्या दोघांना ऐकू येत होतं, त्या बगळ्याला पण ऐकू येत होतं, फक्त गाडीलाच कळत नव्हतं.

"हे बघ," तो मोबाईल तिच्यापुढे धरून म्हणाला. "मोजणारा झोपला."

पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं. दिपालीच्या बाटलीत बर्फाचं पाणी होतं. त्याने फडकं भिजवलं, पिळलं, पोत्यावर पाठीवर पडून गाडीखाली सरकला आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी हात घालून ते फडकं नुसतं सेन्सरवर धरलं. बाकी कशावर नाही. मनगट भाजत होतं. वर दिपाली मोबाईल धरून बसलेली. एक मिनिट. तीन. पाच.

"मार."

"शून्य... काका, थांबा. दोनशे! दोनशे दहा!" आणि व्हॅन सुरू झाली.

दिपाली रडायला लागली. एका आकड्यासाठी कोणी रडतं का? ती रडली. महिनाभर सगळे तिलाच म्हणत होते, तुला चालवता येत नाही, तू क्लच नीट सोडत नाहीस.

हिरामणने गाडी बंद करायला लावली. कनेक्टर काढला, तारा कुठे सोललेल्या नाहीत ना ते बोटाने चाचपलं. मग दहाच्या पान्याने एकच बोल्ट. जुना सेन्सर घट्ट बसलेला, त्याने हळूहळू हलवून काढला. बसायची जागा पुसली, नव्याच्या रबरी रिंगला तेलाचं बोट लावलं, दाबून बसवला, बोल्ट आवळला. कनेक्टर टक्क करून बसला. महिनाभराचं रडगाणं आणि काम एवढंसं.

किल्ली मारली. लगेच चालू.

"झालं?" दिपाली म्हणाली.

"झालं कसं? आता ही न थांबता चालायला पायजे. जिथं रोज पडते तिथं, त्याच उन्हात. बंद करू नको. मी हाय." आणि तो परत मागच्या सीटवर आडवा झाला. जुना सेन्सर मुठीत, अजून कोमट.

यावेळी खाडीवरचं कापड हलायला लागलं. तो त्याच्यावर झोपलेला आणि कापड त्याला घेऊन निघालं. कुठे खड्ड्यावर उचलायचं, कुठे वळणावर कलायचं. ट्रकांचे हॉर्न आले, गेले. मग दार सरकलं आणि गाल्यात बायका आल्या, बऱ्याच, पावडरचा वास, डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास. आक्काच्या शेजारी दाटीवाटीने बसल्या.

"ए, हे कोण गं?"

"शू! मेकॅनिक हाय आपला."

"मेलाय का?"

"रीमा, गप! झोपू दे. पाय सरकव त्यांचे."

कोणीतरी त्याचे पाय अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतले, आक्काने घ्यावे तसे. तो लहान झाला. कापड आता चढ चढत होतं, मोठा चढ, आणि सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. झोपेतही हिरामणला कळलं की सगळ्या श्वास रोखून बसल्यात. तो मोजत राहिला. फिरतंय, फिरतंय. चढ संपला. बायका एवढ्या ओरडल्या की गाल्याचे पत्रे हलले असतील, तरी त्याला जाग आली नाही. आवाज होता ना. आवाजाचं त्याला काही वाटत नाही.

मग एकदम सगळं थांबलं.

हिरामण ताडकन उठून बसला. "पडली? बंद पडली?"

आठ मुली त्याच्याकडे बघत होत्या. एका सेकंदाने सगळ्या हसत सुटल्या, रीमा तर त्याचे पाय मांडीवर घेऊन लोळायला लागली.

"नाही काका," दिपाली पुढच्या सीटवरून वळून म्हणाली. तिच्या हातात किल्ली होती. "पोचलो. मीच बंद केली."

बाहेर गोडाऊनचं गेट. घड्याळात तीनला दहा कमी.

"मना उठवलं का न्हाय?"

"चार हाका मारल्या. बंद केली असती तर उठला असतात, पण तुम्हीच बोललात ना, बंद करू नको."

मुली उतरल्या, कार्ड लावत लावत आत गेल्या. सुपरवायजरने घड्याळ बघितलं, व्हॅन बघितली आणि दुसरीकडे वळला. हिरामण ऐटीत खाली उतरला आणि तापलेल्या डांबरावर थयथय नाचायला लागला. चपला कशेळीला, बांधावर राहिलेल्या.

दिपाली पोट धरून हसली. "बसा, घेऊन येऊ. भरतीने नेल्या नसल्या म्हणजे मिळवलं."

तो परत मागे चढला, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. मुठीतला जुना सेन्सर आता पार गार झालेला. त्याने तो खिशात टाकला.

"किल्ली मार," तो म्हणाला.

"मारली की तुम्ही परत झोपणार."

"तर काय. गाडी चांगली झाली हाय ना."