सरांची एका प्रश्नाची झाडं

उभ्या सातारा जिल्ह्यात कुणी लावली नसतील तेवढी झाडं आमच्या भाडेकरू सरांनी एकट्यानं माडीच्या भिंतीवर लावली. कागदावरची, अर्थात. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत, आणि कशाचाही अंदाज बांधायला एकच प्रश्न पुरतो, तो तेवढा सापडला पाहिजे, या श्रद्धेवर जगत. मेढ्याची एसटी उशिरा येणार का? एका कागदावर वर लिहिलेलं, 'आज बाजार आहे?' दुसऱ्यावर, 'धुकं आहे?' प्रत्येकाखाली हो आणि नाही अशा दोन फांद्या, फांदीच्या टोकाला उभा रकाना. गाडी उशिरा आली की त्यात लाल चौकोन, वेळेवर आली की निळा. एक रकाना लालेलाल नि दुसरा निळाशार झाला, की प्रश्न खरा. दोन्हीकडं सरमिसळ झाली, की कागद बंबात. नुसत्या नजरेला कळतं, आकडेमोड कशाला, असं त्यांचं म्हणणं. आईची आमटी जहाल होणार का, याचंसुद्धा झाड होतं, आणि त्यात 'सकाळी भांडण झालं?' हा प्रश्न सगळ्यांत सरस ठरला होता.

"आवं सर, भिताड हाय का आमराई? खिळं तरी किती ठोकायचं!" आई करवादायची.

"हा शेवटचा, मावशी," म्हणत सर आणखी दोन ठोकत.

मी तेव्हा नुकती बी.ए. झालेली, स्वतःला भलतीच हुशार समजणारी भवानी. एकदा माडी झाडायला गेले तर खिडकीजवळ नवे कागद. 'गजरा आहे?' 'चहा स्वतः आणला?' 'भाऊ घरात आहे?' आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: लाल म्हणजे गप्पांना थांबली, निळा म्हणजे लगेच गेली. गजऱ्याचा रकाना चांगलाच लाल होता.

शहाणी मुलगी लाजली असती. मला चेव आला. दुसऱ्या दिवशी गजरा माळून गेले, कप टेकवला नि तडक खाली. त्यानंतर बिनगजऱ्याची गेले आणि दिवेलागण होईपर्यंत हलले नाही. आज लेक माझी अशी वागली तर कान पिळीन तिचा. सरांनी विचारावं म्हणून जीव टांगलेला, आणि उत्तराचा माग पुसत होते मीच! बघता बघता सगळे रकाने निम्मे लाल, निम्मे निळे. म्हटलं, आता हा माणूस हात टेकील आणि तोंडानं विचारील.

हात टेकले त्यांनी, पण सांगलीच्या एका कॉलेजात जागा निघाली तर तिकडं निघाले. जिन्यात ट्रंक टेकवून म्हणाले, "तुमचा अंदाज एकाही प्रश्नात लागत नाही हो."

"मग प्रश्नच चुकले असतील, सर," मी फणकारले. केवढं टाळीचं वाक्य! ट्रंक रिक्षात चढेपर्यंत मी स्वतःवरच खूश होते.

पुढं माझं लग्न झालं, चांगलं झालं. काही वर्षांनी कुपवाडला नणंदेकडं गेले असता सांगलीच्या मंडईत सर भेटले, शेजारी गोल चेहऱ्याची बायको. मी खवचटपणे विचारलं, "सरांनी तुम्हाला कसं काय निवडलं?"

"काय सांगू वो!" बाई पदर तोंडाशी धरून हसल्या. "बघायला आले, नि चहा यायच्या आधीच तोंडावर विचारलं की मला, 'मी पसंत आहे का?' आमचे अण्णाच लाजले!"

सर पिशवीतल्या मेथीकडं बघत राहिले.

"बरं केलंत, सर," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. माणूस शिकला माझ्यावर, संसार तिच्या वाट्याला आला. परतताना रिक्षात नणंद काहीबाही सांगत होती. मी नुसतं "व्हय, व्हय" करत होते, आणि काय विचारलं तिनं, ते आजही सांगता यायचं नाही.