बेटावरच्या घरांची यादी

साताऱ्याच्या डोंगरातलं आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. गाव गेल्याचं दुःख त्या वयात कळलं नाही. कळल्या त्या नंतरच्या पत्र्याच्या खोल्या. उन्हाळ्यात भिंतीला हात लावता यायचा नाही, आणि पाण्याचा टँकर आला की आई पदर खोचून पळायची. शेजाऱ्यांना एकेक करत जमीन मिळाली, ते गेले. आम्ही तिथेच. कारण आबांचं, माझ्या वडिलांचं, नाव पुनर्वसनाच्या यादीत नव्हतं. आबा लहानपणापासून त्यांच्या विधवा आत्याच्या घरात राहत होते. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. यादी करायला आलेल्या माणसाने दारात उभं राहून विचारलं, ‘‘कुटुंबप्रमुख कोण?’’ आक्का म्हणाली, ‘‘ते वारले.’’ त्याने पुढचं घर धरलं. एवढ्या एका उत्तराने आमचं घर कागदावर नाहीसं झालं. पुढे नऊ वर्षं आबांनी कचेरीत खेटे घातले. अर्ज मी लिहायचे, चौथीत असल्यापासून. शेवटी नाव लागलं, जमिनीचा तुकडा मिळाला, आणि त्या घरातली पहिली पदवीधर मी झाले. हे मी मान वर करूनच सांगते.

हे आधी सांगायचं कारण असं, की दीड महिन्यापूर्वी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, गोविंदकाका गेले. सकाळी नऊला लायब्ररीत फोन आला. त्यांची मुलगी सुशीला इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, रोज माणसं जाताना बघते, आवाज कधी हलत नाही तिचा. ‘‘इंदू, बाबा इज गॉन,’’ एवढंच म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, ‘‘चहा अर्धा राहिलाय…’’ मी कोट न घालताच बर्फात बाहेर पडले. बसस्टॉपवर आल्यावर लक्षात आलं.

काका मूळचे मॉरिशसचे. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर करार करून गेलेले. चार वर्षांपूर्वी, मी शिष्यवृत्तीवर ग्रंथालयशास्त्र शिकायला आले त्या पहिल्याच गणपतीत, इथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ते मला भेटले. पुण्या-मुंबईचे इंजिनियर, डॉक्टर, त्यांच्या बायका, इंग्रजीत भांडणारी मुलं, आणि त्यात हा एक काळासावळा, सूट घातलेला म्हातारा ढोलकी घेऊन बसलेला. बोलायला लागला की लोक हसू दाबायचे. एका इंजिनियरने विचारलंच, ‘‘काका, ही कुठल्या गावची मराठी हो?’’

‘‘बोटीवरची,’’ काका म्हणाले. ‘‘पणज्यानं चढताना घेतली, उतरल्यावर बदलून द्यायला कोण आलंच नाय.’’

मी मोठ्याने हसले, आणि कुणाला तरी उत्तर देताना माझ्या तोंडून ‘व्हय’ निघून गेलं. पुण्याच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. काका मात्र ढोलकी ठेवून उठून आले. ‘‘तू कुणाची पोरगी?’’ त्या दिवसापासून माझे रविवार सुशीलाच्या घरी जाऊ लागले. बर्फावर पाय आडवा टाकून कसं चालायचं हे मला काकांनी शिकवलं. ते त्यांना साठीनंतर त्यांच्या नातीने शिकवलेलं. माझ्या पदवीदानाला आबा येणं शक्यच नव्हतं. काका टाय लावून आले, आणि माझं नाव पुकारल्यावर हजारो बसलेल्या माणसांत एकटेच उभे राहिले. मागच्या बाईने ‘सर, प्लीज’ म्हटलं, तर तिला म्हणाले, ‘‘वन मिनिट, मॅडम. तिच्या बापाचं काम करतोय.’’ शेवटचं वाक्य मराठीत.

ते चागोस बेटांवर कंपाउंडर होते, हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल, मीही नव्हतं. हिंदी महासागराच्या मधोमध ही लहान लहान बेटं आहेत. तिथे नारळ, खोबऱ्याचं काम, आणि पूर्वी गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी इंग्रजांनी ही बेटं त्या देशापासून तोडून स्वतःकडे ठेवली, आणि त्यातलं मोठं, दिएगो गार्सिया, लष्करी तळासाठी अमेरिकेला वापरायला दिलं. मग तिथली माणसं, आणि पुढे आजूबाजूच्या बेटांवरचीही, बोटीत घालून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. मॉरिशस आजही बेटं परत मागतो आहे.

इथल्या मंडळींना हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं निराळं, कळणं निराळं. एका पिकनिकला तोच इंजिनियर कणीस भाजता भाजता काकांना म्हणाला, ‘‘काका, आता कशाला चिंता? बेस अमेरिकेचा, तुम्ही अमेरिकेत. बेट आपलंच की यार!’’

‘‘मग मला तिकडं जायचा पास काढून दे,’’ काका म्हणाले. ‘‘एक दिवसाचा. दवाखान्याचं दार उघडं ऱ्हायलंय, लावून येतो.’’ इंजिनियर कणीस फिरवत राहिला. मग कुणाला तरी हाक मारत उठून गेला.

त्या संध्याकाळी गाडीत काकांनी मला खरी गोष्ट सांगितली. माणसं हलवायच्या आधी एक साहेब बेटावर आला होता. त्याच्याकडे छापील कागद होते, माणसागणिक एक ओळ. शेवटच्या रकान्यात लिहायचं होतं की हा माणूस कायमचा रहिवासी की कराराने आलेला मजूर. साहेब म्हणाला, सगळ्यांना करारी मजूर लिहा, बोटीसाठी सोपं जातं. काकांनी सगळ्यांच्या नावांपुढे तसं लिहिलं आणि खाली सही केली.

‘‘मला वाटलं बोटीची यादी हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आणि आता देश म्हणतो बेट दे, तर साहेब म्हणतो तिथं कोण ऱ्हातच नव्हतं, मजूर होते, करार संपला, गेले. पोरी, त्या बेटावर कराराचा माणूस एकच होता. मी. दोन वर्षांचा करार, चौदा वर्षं ऱ्हायलो. बाकीच्यांच्या आज्या-पणज्या तिथंच पुरलेल्या. आणि साहेबाच्या हातात माझी सही हाय.’’

सुशीला गाडी चालवत होती, तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. तिने हे आधी ऐकलेलं असावं. मग काका म्हणाले, ‘‘तुझ्या बापानं यादीत नाव घालून घेतलं ना? मला खरी यादी करायला शिकव. मरायच्या आत व्हायला पायजे.’’

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! या कामात माझ्याएवढं तयार कोण होतं? अर्ज, पंचनामे, दाखले, मी त्यातच वाढले. लायब्ररीतली टाकाऊ कार्डं आणली. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी आखलेले रकाने: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, कुटुंबातील माणसं, किती पिढ्या. काका डोळे मिटून बेटावरून चालायचे. त्यांना माणसं आजारावरून आठवायची. ‘‘बोटीच्या धक्क्यापासनं पयलं घर, खोकल्याचं. त्याच्या पलीकडं गळवाचं.’’ मी विचारायचे, ‘‘प्रमुख कोण?’’ ते थोडे अडखळायचे, मग एखादं नाव सांगायचे. काही वेळा म्हणायचे, ‘‘तिथं पुरुष… नव्हता तेव्हा,’’ आणि मी म्हणायचे, ‘‘मग ते पुढच्या घरात धरू.’’ चार महिन्यांत यादी झाली. सुबक टाइप केली, आणि मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईसला, बेटावरून आलेल्यांच्या एका लहानशा मंडळाकडे तपासायला पाठवली.

उत्तर सहा आठवड्यांनी आलं, त्यांच्या क्रिओल भाषेत. काका वाचता वाचता आधी हसले, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘काय म्हणतात?’’

‘‘म्हणतात, कागद छान हाय. पण यात निम्मी घरं नायत. आमच्या आया कुठं गेल्या?’’

बेटांवर घर बाईचं असायचं. पुरुष कामाला या बेटावरून त्या बेटावर जायचे, कधी परत यायचे, कधी तिकडेच संसार करायचे. पोरं, चूल, कोंबड्या, मेलेल्यांची थडगी, सगळं आईचं आणि आजीचं. हे काकांना पक्कं माहीत होतं. ‘‘मग तुम्ही मला बोलला का नाहीत?’’ मी चिडूनच विचारलं.

‘‘तू शिकलेली. मला वाटलं, कागदाची तशीच रीत असंल.’’

साहेबासमोरही ते असंच समजून गप्प बसले होते. हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला ते स्पष्ट ऐकू आलं. सगळं मी आबांना पत्राने कळवलं. आबा जेमतेम सही करण्याइतके शिकलेले; त्यांचं उत्तर पोस्टमनने लिहून दिलेलं, एका ओळीचं. ‘आक्काचं घर इसरलीस व्हय गं?’ ते हवाई पत्र हातात घेऊन मी लायब्ररीच्या जिन्यात बसले. ज्या एका प्रश्नाने माझ्या बापाची नऊ वर्षं खाल्ली, तोच प्रश्न मी दर रविवारी, चहा पीत, एका म्हाताऱ्याला विचारत होते. एवढं शिकून…

पुढच्या रविवारी मी कोरी कार्डं घेऊन गेले आणि विचारलं, ‘‘काका, धक्क्यापासून पहिली चूल कोणाची?’’

‘‘रोझलिनची!’’ ते एकदम ताठ बसले. ‘‘तिची आई, आजी, दोन्ही तिथल्याच. तीन बाळंतपणं मी केली तिची. मला म्हणायची, म्हातारा होशील तेव्हा तुझी नाडी मी बघीन.’’ मग ते थांबलेच नाहीत. घरांमागून घरं आली, आजीची नावं, पणजीची नावं, कुणाचं मूल कुठल्या माडाखाली पुरलं ते. सुशीलाची अमेरिकन मुलगी आपला होमवर्क तिथेच घेऊन बसायला लागली. ‘‘अँड देन? व्हॉट हॅपन्ड टू हर, आजोबा?’’ आजोबा सांगायचे मराठीत, ती विचारायची इंग्रजीत, आणि दोघांचं कुठेही अडत नसे. पहिल्या यादीच्या दुपटीहून मोठी यादी झाली. शेवटच्या पानावर काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की आधीच्या कागदावर मी सही केली होती, तो मजकूर खोटा होता, मला तो खोटा आहे हे माहीत होतं, ही यादी खरी. सहीखाली अंगठाही उठवला. मी म्हटलं, सही असताना अंगठा कशाला? म्हणाले, ‘‘तिथल्या लोकांचे अंगठेच घेतलेत सगळ्यांनी. एक माझा पण असू दे.’’

एक प्रत पोर्ट लुईसला गेली. या वेळचं उत्तर छोटं होतं: सगळी घरं आहेत. रोझलिनने निरोप पाठवला होता, नाडी बघायला ये. काका तो निरोप आल्या-गेल्याला सांगत सुटले. दुसरी प्रत मी माझ्या लायब्ररीत दिली. मला तिथे नोकरी लागली होती, आणि माझ्या वरिष्ठ बाईंनी पानं चाळून विचारलं, ‘‘हे पुस्तक आहे, पत्र आहे, की काय आहे?’’ मी सांगितलं, ही गावाची खानेसुमारी आहे, सरकारने न केलेली. त्यांनी शेवटचं पान दोनदा वाचलं, आणि म्हणाल्या, ‘‘मग तशी नोंद कर.’’

त्या नोंदीचं कॅटलॉगमधलं कार्ड मी स्वतः टाइप केलं. गेलं वर्षभर काका महिन्यातून एकदा बसने यायचे, टोपी काढायचे, कार्डांचा तो ड्रॉवर ओढायचे, कार्ड जागेवर आहे ना बघायचे, आणि मला न भेटताच परत जायचे. मला काउंटरवरच्या मुली सांगायच्या, युअर अंकल वॉज हिअर. परवा मी तो ड्रॉवर उघडला. आजूबाजूची कार्डं कोरी करकरीत आहेत; त्या एकाचा वरचा कोपरा बोटं लागून मऊ पडला आहे. ते कार्ड बदलायचं नाही असं मी ठरवलं आहे.

माझ्या हातून दोन याद्या झाल्या, आणि त्यातली चुकीची कुठली हे काकांनी मला कधीही ऐकवून दाखवलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बेटं अजून इंग्रजांच्याच ताब्यात आहेत. मॉरिशसला ती कधी मिळतील, आणि मिळाल्यावर तिथल्या माणसांना कोणी विचारेल का, मला माहीत नाही. रोझलिन अजून पोर्ट लुईसमध्येच आहे. पण त्या बेटावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, हे आता घरवार, आईच्या, आजीच्या नावानिशी लिहिलेलं आहे, त्याखाली गोविंदकाकांची सही आहे, आणि ज्याला वाचायचं असेल त्याला ते मागून घेता येतं.