इन्व्हर्टरची पूजा

दसऱ्याच्या सकाळी आई घरातल्या यंत्रांची पूजा करते. शिलाई मशीन झालं, मिक्सर झाला. मग झेंडूचं फूल तांब्यात बुडवून ती इन्व्हर्टरकडे वळली.

त्याच्या पाठीवरची पट्टी मी कालच वाचली होती. आयपी वीस, म्हणजे यंत्र धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित, ते सांगणारे दोन आकडे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दोन म्हणजे आत बोट जाणार नाही, धूळ मात्र खुशाल जाईल. शून्य म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही.

"आई, पाणी नको!"

"अरे, शिंपडतेय, ओतत नाहीये. रोज ओल्या फडक्यानं पुसते की त्याला!"

रोज! मी घाईघाईनं बटण बंद केलं, प्लग काढला.

हा इन्व्हर्टर घेताना घट्ट बंद पेटीचा का नाही आणला मी? पण आतली उष्णता बाहेर पडायला जाळी लागतेच; कोंडलं तर यंत्र तापतं. जपायचं म्हणून किती कोंडायचं, हे मला माणसांच्या बाबतीतही कळलेलं नाही. 'माझ्याकडे राहायला चल' म्हटलं, की आई अंगणाकडे बघत बसते.

"यापुढे कोरडं फडकं घे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. माझं ऐकून सोडून द्यायचं असलं, की ती अशीच 'बरं' म्हणते.

उद्या मी परत जाईन. परवा ती फडकं पिळून याच जाळीवर हात ठेवेल. यंत्र किती सोसेल, ते कारखान्यानं छापून दिलंय. त्या सुरकुतलेल्या, ओल्या हाताचं मला कुणीच काही लिहून दिलेलं नाही.