सदतीस इंचांचा ओटा

आमचं घर बांधून झालं तेव्हा मी नववीत होते. गंगापूर रोडला तेव्हा तुरळक वस्ती होती. आमच्या प्लॉटच्या मागे द्राक्षाचा मळा होता आणि रिक्षावाले तिथवर यायला कुरकुर करायचे. त्याआधी आम्ही गावात दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो आणि आई जमिनीवर बसून स्टोव्हवर स्वयंपाक करायची. नव्या घरात उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा असणार, ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळ्यांत मोठी हौस.

अण्णा ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. मापात केसभर फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस. ओट्याची उंची ठरवायची वेळ आली तेव्हा ते गवंड्यासमोर ताठ उभे राहिले, हात कोपरात दुमडला आणि म्हणाले, "हं, याच्या जरा खाली. कर खूण." गवंड्यानं भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. सदतीस इंच. अण्णा पावणेसहा फूट. आई जेमतेम चार फूट दहा इंच. ती तेव्हा तिथंच दारात उभी होती, सगळ्यांसाठी चहा घेऊन.

ओट्यावर काळा कडप्पा बसला, त्यावर गॅसची शेगडी आली, शेगडीवर कुकर चढला, आणि कुकरची शिट्टी आईच्या डोळ्यांच्या रेषेत आली. पातेल्यात काय चाललंय ते तिला दिसायचंच नाही. भाजी लागली की नाही ते ती वासावर ओळखायची. मग तिनं जेवायचा एक पाट ओट्यापाशी ओढला आणि त्यावर उभं राहून फोडणी द्यायला लागली. पोळ्या लाटायला मात्र त्या उंचीवर जोर लागेना, म्हणून ती खाली बसून लाटायची, पोळी तळहातावर घेऊन उठायची, पाटावर चढायची, भाजायची, उतरायची, पुन्हा बसायची. वीस पोळ्यांच्या वीस उठाबशा. मग शाळेत जायची. ती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तिथं मुलांना उठाबशा काढायला लावताना तिला आता त्यांची दया यायला लागली होती.

अण्णा पाहुण्यांना आधी ओटा दाखवायचे, मग देवघर. त्या दिवसांत पेपरात स्त्रीमुक्तीवर फार यायचं. अण्णा पेपर घडी करत म्हणायचे, "देशाची पंतप्रधान बाई आहे. आमच्याकडे ही नोकरी करते, उभ्यानं स्वयंपाक करते. आता आणखी कसली मुक्ती?"

"अहो, ओटा उंच झालाय," आई आतून म्हणायची.

"सवय होईल. नवीन आहे."

असं वर्षभर चाललं. मग उन्हाळ्यात आईला शाळेकडून आठवडाभराच्या शिबिराला त्र्यंबकला जावं लागलं, मुक्कामी. अण्णांनी तिला बसस्टँडवर सोडलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? तू आहेस ना!"

मी होते, पण मी आईवर गेले होते. पाटावर उभी राहून मी आमटी ढवळायला लागले तेव्हा पाट डगमगला, डाव हातातून सुटला आणि अर्धी आमटी अण्णांच्या कारखान्याच्या सदऱ्यावर. ते ओरडले नाहीत. सदऱ्याकडे पाहत म्हणाले, "सरक बाजूला. भाजशील."

आणि ओट्यासमोर उभे राहिले. मला तो क्षण अजून दिसतो. कोपरं बरोबर कडप्प्याच्या वर आली. मान वाकली नाही, खांदे उचलले गेले नाहीत. त्यांनी कांदा चिरला, पिठलं ढवळलं, आणि अत्यानंदानं मागे वळून म्हणाले, "अगं, काय फर्स्टक्लास ओटा झालाय हा!"

पिठल्यात गुठळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी अण्णा कंपनीच्या बसमधून घराच्या अलीकडेच उतरले आणि मेथीच्या जुड्या घेऊन आले. शेवटी शेवटी तर त्यांची भरली वांगी खरोखर चांगली व्हायला लागली.

आई परत आली त्या संध्याकाळी त्यांनी तिला स्वयंपाकघरातच गाठलं. "तू उगाच त्या ओट्याला नावं ठेवतेस. मी आठवडाभर केला स्वयंपाक. पाठ नाही दुखली, खांदा नाही दुखला."

आईनं पिशवी खाली ठेवली. त्यांच्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. म्हणाली, "खरंच की. अगदी तुमच्या मापाचा आहे. मग संध्याकाळचं तुम्हीच करत जा."

अण्णा हसले. आई बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर वाचत बसली. आठ वाजले तरी बसलेलीच. मला भूक लागली होती, पण मी कुणाच्या बाजूनं बोलावं ते कळेना. सव्वाआठला आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकू मुद्दाम साखर मागायला येऊन अण्णांना कणीक मळताना बघून गेल्या. "नशीब काढलंत हो!" त्या आईला म्हणाल्या.

"लग्नाला सतरा वर्षं झाली," आई म्हणाली, "तेवढ्या वर्षांत ह्यांना कुणी म्हटलं नाही, नशीब काढलंत म्हणून."

सकाळचा स्वयंपाक मात्र अजून आईकडेच होता, पाटासकट. एका सकाळी ती पाटावरून घसरली. घोटा सुजला. त्याच दिवशी, अण्णा कामावर गेल्यावर, तिनं मला पाठवून त्याच गवंड्याला बोलावून आणलं आणि सांगितलं, "ओटा फोडायचाय."

गवंडी दारातच थांबला. "बाई, सायबांना इचारलं का? लय चिडतील."

"बांधताना मला विचारलं होतं का?"

गवंड्यानं डोकं खाजवलं. "ते बी खरं हाय," म्हणाला आणि छिन्नी काढली. आई लंगडत भिंतीला टेकून उभी राहिली, हात कोपरात दुमडला, आणि तिच्या मापाची रेघ पडली.

अण्णा संध्याकाळी हातात कोथिंबीर घेऊन आले. अर्धा ओटा फुटलेला, कडप्प्याचा तुकडा मोरीपाशी उभा, सगळीकडे धूळ. आता घर डोक्यावर घेतात असं मला वाटलं. पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं : "अगं, आता मी भाजी कुठे करू?"

गवंडी आधी हसला. मग आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

उरलेला अर्धा फोडायचा नाही, असं ठरलं. डावीकडे आईचा ओटा, उजवीकडे अण्णांचा, मधे पायरी. गॅसची नळी लांब करून घेतली आणि शेगडी सकाळी खाली, संध्याकाळी वर जायला लागली. पायरीच्या सांध्यात शितं अडकायची आणि ती कुणी काढायची यावरून दोघांचं भांडण होत राहिलं, तेवढं काही मिटलं नाही.

ओट्याच्या उंचीत आपलं चुकलं, असं अण्णा कधीच म्हणाले नाहीत. उलट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तो दुमजली ओटा दाखवायचे आणि सांगायचे, "डिझाइन माझं." आई शेजारीच उभी असायची. मी एकदा तिला विचारलं, "तू बोलत का नाहीस?"

"बोलले असते," ती म्हणाली, "पण वांगी चांगली करतात."