विमानाच्या पायाला मारलेली पट्टी

खरं सांगतो, मी थकलो आहे. विमान बनवून नाही, त्याचे पाय बनवून बनवून. आमचं विमान एका माणसापुरतं, पाइपाच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, राजुऱ्यात माझ्या घरामागच्या टिनाच्या शेडात उभं असतं. मी कोळसा खाणीच्या वर्कशॉपातला रिटायर फिटर. माझा जोडीदार तिथलाच वेल्डर, माझ्याहून मोठा, म्हणून त्याला भाऊ म्हणतो.

भाऊची एकच इच्छा. चाकं एकदा जमिनीवरून सुटावीत आणि तेव्हा सीटवर तो असावा. हातभर वर अन् खाली, बस्स. त्याहून वर जायची परवानगीही नाही आणि आमची तेवढी छातीही नाही.

पण त्याच्या शेतात पळवलं की पाय वाकायचे. काळी जमीन ती, उन्हाळ्यात भेगा पडतात, कितीही माती भरा. चाक भेगेत आपटलं की वेल्डिंगचा जोड गेलाच. दोनदा गेला. आमच्या वर्कशॉपात रीत होती, ज्याचा जोड तुटला त्यानंच तो कापायचा. दोन्ही वेळा भाऊ मुकाट्यानं ग्राइंडर घेऊन बसला. तिसऱ्यांदा मला म्हणाला, "आता जाड नको करू. हे डंपर नाई. पायानं थोडं दबाले पाहिजे."

मी हो म्हटलं, आणि तो जेवायला घरी गेल्यावर आतून जाड पट्टी मारली, वरून रंग फासला. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय. जन्मभर हेच केलं ना! डंपर असो, ट्रॉली असो, शाळेचं फाटक असो, तुटलं की मार पट्टी.

मग भाऊ परत आल्यावर दोघांनी त्याच्या वजनाएवढं रेतीचं पोतं सीटवर बांधलं, चेनपुलीनं विमान हातभर उचललं आणि सोडून दिलं. पाय तसूभर वाकला नाही. मी खूश. पोतं तेवढं तळाशी उसवलं होतं, रेती सांडली होती. म्हटलं, पोतंच जुनं.

दुसऱ्या दिवशी भाऊ बसला. चाकं सुटलीच नाहीत. मधल्या भेगेत विमान आपटलं, पाय शाबूत राहिला आणि सगळा दणका सीटवर गेला. भाऊच्या कमरेतला मणका मोडला.

पट्टीचं मी त्याला दवाखान्यातच सांगितलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "तुहा जोड, तूच काप." कापला.

आता भाऊ घरी खाटेवर असतो. डॉक्टरनं मोटारसायकलसुद्धा बंद केली, विमानाचं तर नावच नको. भाऊची बायको मला चहा देते, बोलत नाही. भाऊ पडल्या पडल्या ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या कापतो. त्या मी पायाच्या सांध्यावर ताणून गुंडाळायच्या, म्हणजे दणका बसला की रबर ताणेल आणि पाय दबेल. गुंडाळून सांधा त्याच्याकडे न्यायचा, तो ओढून पाहणार आणि म्हणणार, "ढिलं आहे, सोड." सोड, गुंडाळ, पुन्हा सोड. बोटं सोलून निघाली. चिडचिड होते, पण कोणावर करू?

काल सांधा पसंत पडला. म्हणाला, "आता पोत्यावर पाण्यानं भरलेलं मडकं बांधजो." तसं बांधलं, विमान तेवढंच उचललं, सोडलं. पाय दबला, वर आला. पाणी सांडलं, मडकं राहिलं.

ते तसंच त्याच्याकडे नेलं. बाजारात मडकं घेताना ठोकतात तसं त्यानं बोटानं ठोकलं, कान लावला. आवाज चांगला होता.

"उद्या तू बसजो," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. "भाऊ, तुझ्या वेळेस पोतं उसवलं होतं. मी पाह्यलं होतं, बोललो नाही."

त्यानं मडकं छातीवर ठेवलं.

"मीबी पाह्यलं होतं," तो म्हणाला. "मले बसाची घाई होती."